मुदतवाढ

१६ जून २०२४, रविवार. बिलोली

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला. मला एकाहत्तर पर्सेंटाईल. सृष्टीला चौऱ्याण्णव.

आमच्या घरात स्मार्टफोन माझाच. फेब्रुवारीत दोघांचे परीक्षेचे फॉर्म मीच भरले, दोन्हीवर नंबर माझाच टाकला, दोन्ही पासवर्ड माझ्याकडेच. आधी माझा निकाल बघितला, मग तिचा. तिचा आकडा बघून पान पुन्हा उघडलं. काहीतरी चुकलं असेल असं वाटलं. पुन्हा चौऱ्याण्णवच.

मी लातूरला दोन वर्षं क्लास केला. त्यानंतर एक वर्ष रिपीट. खोली, मेस, टेस्ट सिरीज, सगळं झालं. सृष्टी माझ्यापेक्षा सव्वा वर्षानं लहान. ती इथंच बिलोलीच्या ज्युनिअर कॉलेजात शिकली. मी दिवाळीला आणून टाकलेल्या जुन्या नोट्सवर तिनं अभ्यास केला. आज त्या नोट्स चाळल्या. माझी चुकलेली गणितं तिनं कडेला पेन्सिलनं बरोबर करून ठेवली आहेत.

अण्णांना सांगायला दुकानात गेलो. स्टँडामागं त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारी सगळ्या तालुक्यातून येतात, पलीकडून तेलंगणातूनही येतात. माझा आकडा सांगितला, मग तिचा. अण्णांच्या हातातली तार थांबली.

"पोरीनं लई बरं केलं," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तुजंबी काय वाईट न्हाई. कुठं ना कुठं लागंल."

मार्चमध्येच ठरलंय. एकाचीच फी झेपते. मी इंजिनिअरिंगला जायचं, सृष्टीनं इथं बीएस्सी करायचं. तिच्यासमोरच ठरलं होतं. ती 'हाव' म्हणाली होती.

८ जुलै २०२४, सोमवार

आज सृष्टी पेपरचं कात्रण घेऊन आली. तिच्या कॉलेजातल्या सरांनी मुद्दाम बोलावून दिलं म्हणे. सरकारचा निर्णय निघालाय. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर मुलींची इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची शिक्षण फी पूर्ण माफ. याच वर्षापासून. फक्त प्रवेश सरकारी फेरीतूनच, म्हणजे 'कॅप'मधूनच झाला पाहिजे. मुलांची पूर्वीसारखी अर्धीच माफ.

तिनं ते दोनदा वाचून दाखवलं. मायला वाचता येत नाही. मायनं विचारलं, "पूर्ण म्हंजे समदी?"

"समदी, माय. सर म्हणाले, नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलला नंबर लागू शकतो माझा."

अण्णा जेवता जेवता हसले. "मग लखन्या, तू बस आता दुकानात. पोरीचं फुकटात होऊन राहिलंय. तुझ्या एकाहत्तरला अर्धी फी भरून कोण घालंल?"

माय म्हणाली, "असं कशाला बोलता लेकराला?"

सगळे हसले. मीही हसलो. भात संपवायला मला बराच वेळ लागला.

१२ जुलै, शुक्रवार

माझी कॅपची नोंदणी झाली. तहसीलसमोर मन्मथ भैय्याचं सेवा केंद्र आहे, तिथूनच सगळा तालुका फॉर्म भरतो. सृष्टीचा उत्पन्नाचा दाखला यायचाय. माझा जुना चालला, तिच्या नावाचा नवा लागतो. अण्णा म्हणाले, दाखला आला की तिचाबी भर.

१९ जुलै, शुक्रवार

तीन दिवस तहसीलच्या रांगेत उभी राहून सृष्टीनं दाखला आणला. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं माझ्या हातात दिले. "दादा, नीट बघून भर हां. स्पेलिंग आधारसारखंच पाहिजे."

मुदत चोवीसपर्यंत आहे.

अण्णांचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. ते गमतीनंच बोलले. पण दोन दिवसांपूर्वी एक गिऱ्हाईक दुकानात म्हणालं, आता तर पोरीच इंजिनिअर होणार, पोरं आपली गुरं राखतील. अण्णा त्यावरही हसले. आणि मला म्हणाले, मोटारीचा तो स्टेटर इकडं आण.

२३ जुलै, मंगळवार

सृष्टीनं सकाळी विचारलं, संध्याकाळी विचारलं. उद्या भरतो म्हणालो.

२४ जुलै, बुधवार

पिशवी घेऊन गेलो. सर्व्हर डाऊन होतं. घरी तसं सांगितलं.

सृष्टी ओट्यावर बसून होती. "दिवसभर?"

"हाव. दिवसभर."

"मन्मथ भैय्याकडंच गेलतास ना?"

"मग कुठं जाणार?"

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, आत जाऊन ट्रंकेत ठेवली. मला वाटलं होतं अण्णा ओरडतील, स्वतः उठून मन्मथकडं जातील. ते नुसतं म्हणाले, "बिलोलीत काय वाईट हाय? डोळ्यांपुढं राहील." माय चुलीपाशी होती. तिनं वळून अण्णांकडं बघितलं, पुन्हा भाकरी थापायला लागली.

२६ जुलै, शुक्रवार

क्लासच्या जुन्या ग्रुपवर नोटीस आली. नोंदणीला मुदतवाढ मिळाली आहे. आणखी थोडे दिवस.

सृष्टी न्हाणीपाशी कपडे धूत होती. मी तिथून दोनदा गेलो.

२८ जुलै, रविवार

ढग आहेत, पाऊस नाही. शेतात सोयाबीनला फवारणी केली.

३० जुलै, मंगळवार

पिंप आणायला धर्माबादला गेलो होतो. आल्यावर फवारणीचा पंप दुरुस्त केला.

३१ जुलै, बुधवार

आज वाढीव मुदतही संपली.

३ ऑगस्ट, शनिवार

सृष्टी बीएस्सीच्या प्रवेशासाठी झेरॉक्स काढायला मन्मथकडं गेली होती. अर्ध्या तासाचं काम, दोन तासांनी आली. उन्हातून आल्यासारखं तोंड लाल झालं होतं, पण ऊन नव्हतंच.

"लखन, माझा सीईटीचा पासवर्ड दे."

मी म्हणालो, आता काय कामाचा?

"दे."

दिला. तिनं वहीत उतरवून घेतला आणि मला समोर उभं करून म्हणाली, "तुझ्या फोनमधून काढून टाक." काढला. संध्याकाळी अण्णांकडं साध्या फोनसाठी हट्ट धरला. कॉलेजला जाऊन यायचं, फोन पाहिजेच म्हणाली. अण्णांनी लगेच हो म्हटलं. एवढ्या सहज ते कधी कशाला हो म्हणत नाहीत.

हल्ली ती मला दादा म्हणत नाही. कॉलेजला जायला लागली की मुलींना जरा मोठं झाल्यासारखं वाटत असावं.

१४ सप्टेंबर, शनिवार. लातूर

दुसऱ्या फेरीत नंबर लागला. औसा रोडकडचं खाजगी कॉलेज, कॉम्प्युटर नाही मिळालं, मेकॅनिकल. अण्णा सोडायला आले होते. फॉर्मवर सही करताना त्यांनी पेन दोन वेळा झटकलं. शाई येत होती.

वर्गात चौसष्टपैकी नऊ मुली. गेल्या वर्षी तीन होत्या म्हणे.

९ ऑक्टोबर, बुधवार

मेसमध्ये आज विषय फीचाच होता. पोरींना पूर्ण माफ, आपल्याला अर्धी, आपण काय पाप केलं? एकजण म्हणाला, शिकतील आणि लग्न करून घरी बसतील, सरकारचा पैसा पाण्यात. सगळ्यांत जोरात मी बोललो. मी म्हणालो, निम्म्या पोरी नुसत्या फुकट आहे म्हणून आल्यात.

शिवगंगा मागच्या टेबलावर होती. आमच्याच वर्गात आहे, उदगीरकडच्या खेड्यातली. ताट घेऊन उठली आणि जाताना थांबली.

"फुकट हाय म्हणूनच आले मी," ती म्हणाली. "फुकट नसतं तर आले नसते. त्यात लाजायचं काय हाय?"



११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कॉलेजच्या ऑफिसात मुलींकडून इतर फीच्या नावाखाली रक्कम मागत होते. सरकारचे पैसे आले की परत देऊ म्हणे. शिवगंगानं मोबाईलवर शासन निर्णय उघडला आणि क्लार्कसमोर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मुलीकडून आगाऊ घ्यायचं नाही ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. क्लार्क म्हणाला, आवाज कमी करा ताई. ती म्हणाली, "कमीच हाय. माझा खरा आवाज तुमी ऐकला न्हाई."

मीही रांगेत होतो. बाहेर आल्यावर मी परवाच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. का मागितली कुणास ठाऊक. ती पायरीवर बसली आणि सांगायला लागली. ती तीन बहिणींत धाकटी. थोरलीला बारावीला हिच्यापेक्षा जास्त मार्क. फी झेपत नव्हती म्हणून लग्न करून दिलं. मधलीचंही तेच. "हाच कागद दोन वर्षं आधी निघाला असता तर ताई आज तिसऱ्या वर्षाला राहिली असती. ती आता मुखेडला असते. लेकरू हाय तिला. मी इथं आले त्या दिवशी तिनं मला वही-पेनाचा गठ्ठा पाठवला. मला लई लाज वाटली."

"तुला कशाची लाज? तू काय केलंस?"

"काहीच न्हाई केलं. तरीबी वाटते."

मग तिनं विचारलं, "तुझ्या घरी हाय का बहीण?"

"आहे. बीएस्सी करते. तिला इंजिनिअरिंगची आवड नाही."

मी असं म्हणालो. शिवगंगानं मान हलवली. तिला खरं वाटलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

घरी गेलो नाही. खोलीवर कुणी नाही, म्हणून जे लिहायचं टाळत आलो ते आज लिहितो.

२४ जुलैला सर्व्हर डाऊन नव्हतं. मी मन्मथ भैय्याच्या केंद्रात पायच ठेवला नाही. पिशवी मांडीवर घेऊन स्टँडवर बसून राहिलो. देगलूरची गाडी गेली, नरसीची गेली, नांदेडच्या चार गेल्या. प्रत्येक वेळी म्हणालो, ही गाडी गेली की उठतो. दुपारी भूक लागली, वडापाव खाल्ला. चार वाजता पिशवी उघडून तिचा दाखला बघितला. त्यावरच्या फोटोत तिनं केस ओले असताना विंचरलेत. तरीही उठलो नाही.

तेव्हाही स्वतःला सांगत होतो की आळस झाला, विसरलो. पण मुदतवाढ आली तेव्हा काय? ती फोनवर बघितली, वाचली, पाच दिवस खिशात घेऊन हिंडलो. कुणालाच सांगितलं नाही. त्याला आळस म्हणत नाहीत.

ती गेली असती तर मी दुकानात बसलो असतो असंही नाही. अण्णा गमतीनंच बोलले होते हे मला तेव्हाही कळत होतं. मला फक्त ती पुढं गेलेली बघायची नव्हती. तीन वर्षं माझ्या नावानं घरात पेढे आणायचे बेत झाले. आणि माझ्या टाकून दिलेल्या कागदांवर अभ्यास करून तिनं चौऱ्याण्णव आणले.

सरकारनं दिलेलं मी हिसकावलं. कुणाला कळलंही नाही, हे त्यातलं सगळ्यांत वाईट आहे.

३ नोव्हेंबर, रविवार. बिलोली. भाऊबीज

ठरवून आलो होतो की सांगायचं. चार दिवस झाले, सांगितलं नाही.

सृष्टी दुपारी दुकानात बसते. अण्णांनी तिला वाइंडिंगचं काम दिलंय. गिऱ्हाईकं आधी कुरकुरली, आता तिच्याच हातची कॉईल मागतात. सकाळी कॉलेज, दुपारी तार, रात्री पुस्तक. ती पुन्हा सीईटी देणार आहे.

आज तिनं ओवाळलं. कुंकू लावलं, ताट फिरवलं, सगळं रीतीप्रमाणं. मी ताटात पाकीट ठेवलं. ती म्हणाली, "तुझ्याकडंच ठेव. मला नको."

माय म्हणाली, "अगं, असं नसतंय करत."

"अर्धी फी भरायची असते त्याला, माय. राहू दे."

 मला वाटलं, सृष्टी माझा विचार करते. पोरगी समजूतदार आहे.

हे वर लिहिलेलं खोडत नाही. पण खरंच तसं असेल का?

२६ जानेवारी २०२५, रविवार. बिलोली

सीईटीची नोंदणी सुरू आहे. सृष्टीला विचारलं, फॉर्म भरून देऊ का? ती म्हणाली, "झाला." कधी? "पहिल्याच दिवशी."

माझ्या अर्ध्या फीमाफीच्या हमीपत्रासाठी मन्मथ भैय्याकडं गेलो. केंद्रात तो एकटाच होता. कागद स्कॅन करता करता म्हणाला, "बहीण एकटीच येऊन भरून गेली की. शेजारी स्टूल घेऊन बसते, एकेक अक्षर बघते. मोबाईल नंबर तिचा, ईमेल तिचा. म्हणली, भैय्या, पावतीबी माझ्याच हातात दे."

मी हसलो.

तो हसला नाही. "लखन, गेल्या साली तू घरी सांगितलास म्हणे सर्व्हर डाऊन होतं. ऑगस्टमध्ये तिनं मला विचारलं. चोवीस तारखेला मी चौदा फॉर्म भरले, बाबा. मला काय ठावं होतं तू काय सांगितलास. मी रजिस्टर दाखवलं तिला. मुदतवाढीचाबी कागद भिंतीवरच होता, तोबी तिनं वाचला."

तीन ऑगस्ट. झेरॉक्स. मी घरी कसा आलो आठवत नाही. म्हणजे सहा महिने तिला माहीत आहे. सहा महिने तिनं मला जेवायला वाढलं, ओवाळलं, आणि मी या वहीत तिला समजूतदार म्हणत बसलो.

२७ जानेवारी, सोमवार

दुकानात गेलो. अण्णा शिवारात मोटार बसवायला गेले होते. सृष्टी कॉईल गुंडाळत होती, ओठांत फेरे मोजत. मी म्हणालो, सृष्टी, गेल्या वर्षी फॉर्म मी मुद्दाम भरला नाही.

ती मोजत राहिली. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. मी सगळं सांगितलं. स्टँड, गाड्या, वडापाव, ग्रुपवरची नोटीस. ब्याण्णवला तिनं तार कापली, टोकाला दोरा बांधला आणि मगच वर बघितलं.

"मला ठावं हाय."

"मन्मथ बोलला काल. तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तारीख आली असती का माघारी? अण्णांनी तुला हाणलं असतं. तुझं कॉलेज बंद झालं असतं. मग दोघंबी इथंच तार गुंडाळत बसलो असतो." ती थांबली. "आणि मला बघायचं होतं, तू सांगतो का."

"सहा महिने लागले."

"हाव. मोजून राहिले मी."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, माफ करशील का? ती म्हणाली, "ते मला आत्ता विचारू नको. मला अभ्यास हाय. अण्णांना सांगणार का?"

"सांगतो."

"कधी?"

"तुझा निकाल लागला की."

ती दुसरी कॉईल घेऊन बसली. "बरं हाय," म्हणाली. मी पुन्हा मुदतच मागतोय हे मला लातूरच्या गाडीत बसल्यावर कळलं.

१६ जून २०२५, सोमवार. लातूर

निकाल. सृष्टीला अठ्ठ्याऐंशी.

तिनं स्वतः फोन केला नाही. मायनं केला. माय म्हणाली, "चांगलेच हायत न्हवं?" मी हो म्हणालो. वाईट नाहीतच. पण विष्णुपुरीला इलेक्ट्रिकल आता मिळणार नाही. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, क्लास नाही, नोट्स त्याच जुन्या. गेल्या वर्षीच्या चौऱ्याण्णवला या वर्षी काडीची किंमत नाही. सीईटीचा आकडा त्याच वर्षापुरता असतो.

हे सहा पर्सेंटाईल माझ्या नावावर आहेत.

२२ जून, रविवार. बिलोली

अण्णांना सांगितलं.

संध्याकाळी शेताच्या बांधावर गाठलं, घरात बोलवेना म्हणून. ते पाण्याचा पाईप जोडत होते. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मार बसेल म्हणून हात मागं बांधून उभा होतो.

त्यांनी पाईप जोडला. मातीत बसले. 

"हलकं वाटून राहिलं का तुला आता?"

"नाही."

"न्हाईच वाटायचं." मग खाली बघत म्हणाले, "लखन्या, दुकानात पेपर येतो. ती मुदत वाढलेली पेपरात आली होती. मी वाचली होती."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत.

"तवा मला वाटलं, तुला दिसली नसंल. म्हणलं, न्हाई दिसली तर बरंच हाय. पोरगी नांदेडला जाईल, हॉस्टेलात राहील, लोक काय म्हणतील, पुढं तिच्या जोडीचा पोरगा कुठं हुडकायचा. फी न्हाई म्हणून न्हाई पाठवत, असं लोकांना सांगायला बरं होतं. सरकारनं ती फीच काढून घेतली. मग सांगायला काही उरलं न्हाई माझ्याकडं. तू ती तारीख घालवलीस, मला वाटलं सुटलो." त्यांनी हाताची माती झटकली. "तो पेपर मी घरी आणला न्हाई. तारा गुंडाळायला घेतला."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो. लाईट आली, मोटार सुरू झाली, पाणी आलं, तरी कुणी उठलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "तिला मी सांगतो. माझं मी सांगतो. तू मधी बोलू नको."

२३ जून, सोमवार

अण्णांनी सकाळीच सांगितलं, मायसमोर. सृष्टी दारात केस विंचरत उभी होती. तिनं ऐकून घेतलं. माझ्या वेळी तिला सगळं माहीत होतं. हे माहीत नव्हतं. कंगवा हातातच राहिला. मग ती आत गेली आणि कडी लावून घेतली. 

माय दाराबाहेर बसली. आमच्या दोघांकडं बघून एवढंच म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. येत असतं तर मी सांगितलं असतं तिला."

अण्णा न जेवता दुकानात गेले. मी घरीच थांबलो, मग मलाही थांबवेना.

२९ जून, रविवार

सृष्टी दुकानात येत नाही. अण्णांशी कामापुरतं बोलते. कॅपची नोंदणी सुरू झाली, तिनं एकटीनं केली. प्राधान्यक्रमाची यादीही स्वतःच बनवली. अण्णा एकदा म्हणाले, लांबचंबी टाक, पुण्याचं टाक. ती म्हणाली, "मला कळतंय कुठलं टाकायचं."

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार. लातूर

तिला लातूरला इलेक्ट्रिकल मिळालं. माझं कॉलेज नाही, दुसरं, मुलींचं वसतिगृह आवारातच असलेलं. शिक्षण फीच्या रकान्यात शून्य. अण्णांनी ती पावती तीन वेळा बघितली.

सकाळी बिलोलीहून नांदेड, तिथून लातूरची गाडी. विष्णुपुरीच्या कॉलेजची कमान खिडकीतून गेली तेव्हा आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी पायांकडं बघत होतो. सृष्टीनं मान वळवून कमान शेवटपर्यंत बघितली, मग पाण्याची बाटली उघडली.

वसतिगृहाच्या ऑफिसात फॉर्म भरायचा होता. पालकांचं नाव, सही, ते झालं. खाली 'स्थानिक पालक, नाव व मोबाईल'. अण्णांनी पेन माझ्याकडं केलं. सृष्टीनं ते मध्येच घेतलं आणि लिहिलं, सरजाबाई. मायची मावसबहीण, इथं एका मेसमध्ये पोळ्या लाटते.

अधीक्षक मॅडमनी फॉर्म वाचला. "भाऊ इथंच लातूरला शिकतो ना? त्याचंच नाव टाक की. धावपळीला बरं पडतं."

"नको, मॅडम," सृष्टी म्हणाली. "हेच राहू द्या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग अण्णांकडं.  मॅडमनी शिक्का मारला.

फाटकापुढं पुरुषांना जाता येत नाही. तिनं ट्रंक एकटीनं उचलली, दोनदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. अण्णा नुसते बघत होते. त्यांनी हात पुढं केला होता, तो फाटकाच्या गजावर राहिला. पायरीपाशी पोचल्यावर ती वळली.

"अण्णा, पोचलात की मायच्या फोनवरून सांगा."

"हाव, बाई."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "रविवारी भेटू देतात. आलास तर सर्किटचं पुस्तक घेऊन ये. नवं आण. तुझं जुनं नको."

ती आत गेल्यावर मी पहारेकरी बाईंना वेळ विचारली. रविवारी चार ते पाच, त्या म्हणाल्या, आणि ज्याचं नाव फॉर्मवर नाही त्यानं मुलीची चिठ्ठी आल्याशिवाय फाटकापाशी उभं राहायचं नाही.